साठ हजार खून माफ!

सात खून माफ असलेली माणसं आपल्या ओळखीत असतातच. पण न्यूयॉर्कच्या एका पुस्तकवाल्याच्या घरी सुमारे साठ हजार पुस्तकं होती आणि त्यातल्या बहुतेक प्रत्येकात निदान एक तरी मुडदा पडलेला होता! नाव ऑटो पेन्झलर. धंदा रहस्यकथा विकण्याचा, व्यसन रहस्यकथा वाचण्याचं. व्यसन आधी लागलं, धंदा नंतर सुरू झाला. भिंग आहे ना जवळ? मग निघू या.

माहीत आहे का, या माणसानं दुकान कुठल्या मुहूर्तावर उघडलं? शुक्रवार, १३ एप्रिल १९७९! पाश्चात्त्य मंडळी तेरा तारखेच्या शुक्रवारी घराबाहेर पडायलाही कचरतात. म्हणजे आपल्याकडे कुणी सर्वपित्री अमावास्येला दुकानाचा नारळ फोडावा, त्यातलाच प्रकार. शिवाय त्या वर्षी तोच दिवस गुड फ्रायडेही होता. एकाच दिवशी गुड आणि बॅड, दोन्ही फ्रायडे! दुकानाचं नाव ‘द मिस्टीरियस बुकशॉप’. अपशकुनी मुहूर्तावर उघडलेल्या या दुकानानं चाळिशी केव्हाच ओलांडली आहे.

दुकानाची पहिली जागाही झकास होती. मॅनहॅटनमध्ये पश्चिम ५६ वा रस्ता, घर क्रमांक १२९. म्हणजे जगप्रसिद्ध कार्नेगी हॉलच्या अगदी पाठीमागे. पुढे व्हायोलिन, मागे व्हायोलन्स!

२००५ मध्ये बिऱ्हाड हललं ते ट्रायबेका भागातल्या ५८, वॉरेन स्ट्रीटवर. आत पाऊल टाकलं की भिंती दिसतच नाहीत. जमिनीपासून छतापर्यंत नुसती पुस्तकं. वरच्या फळीवरचा खुनी हवा असेल तर शिडी लावून चढायचं. शेरलॉक होम्सचा विभाग तर असा ऐसपैस, की होम्सवर प्रेम असलेला माणूस तिथून तासाभरात बाहेर पडेल याची हमी कुणी देऊ नये.

आता थोडं मागे जाऊ. ऑटोसाहेबांचा जन्म १९४२ चा, जर्मनीतल्या हॅम्बुर्गचा. ऐन महायुद्धातला! लहानपणीच अमेरिकेत आले आणि वाढले न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये. पुढे मिशिगन विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकले. तिथे जेम्स जॉइससारखे पचायला जड लेखक वाचून डोकं शिणलं. म्हटलं, आता जरा हलकंफुलकं वाचू, विरंगुळा म्हणून. हातात आला शेरलॉक होम्स. मग हॅमेट, मग चँडलर, मग रॉस मॅक्डोनाल्ड हे रहस्यकथाकार. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की ज्याला आपण टाइमपास समजत होतो ते अव्वल दर्जाचं साहित्य आहे. विरंगुळा म्हणून उघडलेल्या पुस्तकानं पुढचं आख्खं आयुष्य ताब्यात घेतलं.

मला या माणसातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त भावते. ‘खूनबाजीची पुस्तकं’ म्हणून नाक मुरडण्याचा तो काळ. प्राध्यापक वाचायचे, पण उशीखाली ठेवून. पेन्झलरनं ती उशीखालून काढली आणि काचेच्या कपाटात मांडली.

माहीत आहे का, दुकानाच्या चार वर्षं आधीच त्यांनी प्रकाशनसंस्था काढली होती? १९७५ ची ‘द मिस्टीरियस प्रेस’. पगार बेताचा, नोकरी पत्रकारितेतली, त्यातही बराचसा खेळांशी संबंध. तरी हट्ट असा, की रहस्यकथेला उत्तम कागद मिळाला पाहिजे, कापडी बांधणी मिळाली पाहिजे, लेखकाच्या सहीची मर्यादित आवृत्ती निघाली पाहिजे आणि तिला स्वतंत्र खोकं पाहिजे. कवितासंग्रहाला जो मान, तोच खुनाच्या गोष्टीला! जेम्स एलरॉयची गाजलेली ‘द ब्लॅक डालिया’ १९८७ मध्ये याच प्रेसकडून आली. १९८९ मध्ये त्यांनी ही संस्था वॉर्नर बुक्सला विकली आणि वीसेक वर्षांनी नाव पुन्हा मिळवलं. हरवलेली वस्तू शेवटच्या प्रकरणात सापडली म्हणा ना!

वाचनाचा आवाका किती? १९७६ मध्ये ख्रिस स्टाइनब्रनर यांच्यासोबत त्यांनी थेट रहस्यकथांचा ज्ञानकोशच काढला. ‘एन्सायक्लोपीडिया ऑफ मिस्टरी अँड डिटेक्शन’. गूगल नाही, कॉम्प्युटर नाही. लेखक, गुप्तहेर, सिनेमे, सगळं वाचून, पाहून, टिपून काढलेलं. या पुस्तकाला एडगर अवॉर्ड मिळालं.

एडगर म्हणजे? रहस्यकथांचं ऑस्कर! ‘मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका’ ही संस्था देते. विजेत्याला मिळतो एडगर अ‍ॅलन पो या लेखकाचा छोटासा अर्धपुतळा. मिशी, विस्कटलेले केस, चेहरा असा की पारितोषिक देताना स्वतः पोलाच दुःख होतंय.

पो कशासाठी? कारण सगळ्या गुप्तहेरांचा आद्य पूर्वज त्याच्याच लेखणीतून उतरला. १८४१ च्या एप्रिलमध्ये ‘ग्रॅहम्स मॅगझिन’मध्ये ‘द मर्डर्स इन द र्‍यू मॉर्ग’ छापून आली. आतून बंद खोली, दोन खून, बुद्धिमान गुप्तहेर आणि त्याचं कौतुक करणारा मित्र. होम्स-वॉटसनची जोडी जन्माला यायला अजून सेहेचाळीस वर्षं होती! खुनी कोण हे सांगत नाही. पण पैज लावते, पहिल्यांदा वाचताना तो कुणालाही ओळखता येत नाही.

बरं, होम्सचं पहिलं पुस्तक लिहून कॉनन डॉयलला किती मिळाले, माहीत आहे का? सगळ्या हक्कांचे मिळून पंचवीस पौंड! ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ १८८७ मध्ये ‘बीटन्स ख्रिसमस अ‍ॅन्युअल’ या वार्षिकात छापली गेली. किंमत एक शिलिंग. वाचून फेकून द्यायचा अंक. लोकांनी तो इमानेइतबारे फेकलाही! आज त्याच्या मोजक्याच प्रती जगात शिल्लक आहेत आणि २००७ मधल्या लिलावात एका प्रतीला दीड लाख डॉलरच्या वर भाव आला. रद्दीची किंमत रद्दीवाल्यालाच कळते असं कोण म्हणालं?

आणि होम्सचाच आणखी एक किस्सा. २२१ बी, बेकर स्ट्रीट या पत्त्यावर होम्सच्या नावानं इतकी पत्रं यायची, की त्या जागी असलेल्या ‘अ‍ॅबी नॅशनल’ या वित्तसंस्थेला उत्तरं लिहायला खास सेक्रेटरी ठेवावी लागली. काल्पनिक माणसाची खरीखुरी सेक्रेटरी!

न्यूयॉर्कमध्ये १९३४ पासून ‘बेकर स्ट्रीट इर्रेग्युलर्स’ ही होम्सभक्तांची मंडळी जमते. दर जानेवारीत, कारण होम्सचा वाढदिवस ६ जानेवारीला असतो असं त्यांनी ठरवून टाकलंय. विज्ञानकथाकार आयझॅक असिमोव्ह या मंडळींपैकी, अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मानद सदस्य आणि आपले पेन्झलरही अर्थातच त्यात. अशा ठिकाणी ते नसते, तर तेच मोठं रहस्य ठरलं असतं.

जॅकेटची जादू

आता येऊ साठ हजारांच्या आकड्याकडे. हा नुसता ढीग नव्हता. भर होता पहिल्या आवृत्त्यांवर. आणि पहिली आवृत्ती म्हणजे काय चीज असते ते जरा जवळून पाहू, कारण खरी गंमत तिथेच आहे.

समजा, तुमच्या हातात १९३० सालची ‘द माल्टीज फाल्कन’ ही रहस्यकादंबरी आहे. संग्राहक आधी काय पाहील? गोष्ट नाही. तो पाहील अंगावरचं कागदी डस्ट जॅकेट. जॅकेट म्हणजे कपड्याचा डगला नव्हे, पुस्तकावरचं सुटं वेष्टण. जुन्या काळी लोक पुस्तक घरी नेलं की ते काढून टाकायचे. त्यामुळे पुस्तकं उरली, वेष्टणं गेली. आज जॅकेट शाबूत असेल तर किंमत कितीतरी पट चढते. जॅकेट नसेल तर गारठतो तो विकणाऱ्याचा खिसा!

मग तो आतला कोपरा उलगडतो. तिथे छापील किंमत असते. पूर्वी कुणाला पुस्तक भेट द्यायचं तर किंमत दिसू नये म्हणून लोक तेवढा त्रिकोणी तुकडा कात्रीनं कापायचे. केवढं सौजन्य! आणि त्या एका कापानं पुढच्या पिढीतल्या संग्राहकाचा जीव हळहळतो. मग लायब्ररीचा शिक्का आहे का? कण्यावरचा रंग उन्हानं उडालाय का? पानांवर बुरशीचे तांबूस ठिपके आलेत का? लेखकाची सही असेल तर कुणाला दिलेली आहे? गुप्तहेरकथा विकत घेणारा माणूस स्वतःच गुप्तहेर होऊन बसतो. पुस्तकावरचे ठसे, डाग, खुणा वाचतो आणि त्यावरून त्याचा भूतकाळ काढतो.

हा संग्रह ठेवायला पेन्झलर यांनी कनेक्टिकटमध्ये घरच बांधलं. घरात लायब्ररी नव्हे, लायब्ररीभोवती घर! आणि २०१९ मध्ये त्यांनी हाच संग्रह ‘हेरिटेज ऑक्शन्स’कडे लिलावाला दिला. एकेक पुस्तक कुठे मिळालं, कुणाकडून मिळालं याची आठवण असलेला माणूस ते सगळं हातावेगळं करतो, हे वाचूनच माझ्या पोटात कालवलं. पण ती पुस्तकं आता जगभरच्या वेड्या वाचकांच्या कपाटांत आहेत आणि पुस्तकवाल्याच्या पुस्तकांनी शेवटी दुसऱ्या वाचकाकडे जावं, यात मला फार मोठं औचित्य वाटतं.

चला, मूड बदलू!

माहीत आहे का, अगाथा ख्रिस्ती सर्फिंग करायची? १९२२ मध्ये हवाईच्या समुद्रात फळीवर उभी राहून लाटांवर स्वार झालेल्या पहिल्यावहिल्या ब्रिटिश मंडळींमध्ये तिचं नाव घेतात.

विषांची इतकी माहिती तिला कुठून? पहिल्या महायुद्धात ती औषधं बनवण्याच्या खात्यात काम करत होती. किती थेंबांनी माणूस बरा होतो आणि किती थेंबांनी कायमचा जातो, हे तिला पक्कं ठाऊक. १९२० मध्ये पहिली कादंबरी आली तेव्हा ‘फार्मास्युटिकल जर्नल’नं विषाच्या अचूक वर्णनाबद्दल तिची पाठ थोपटली. साहित्यसमीक्षेत केमिस्टांची एन्ट्री!

आणि १९२६ च्या डिसेंबरात तर लेखिकाच बेपत्ता! अकरा दिवस अख्खं इंग्लंड शोधत होतं. कॉनन डॉयलनं तिचा हातमोजा एका आत्मे बोलावणाऱ्या माध्यमाकडे नेला. रहस्यकथाकार डोरोथी सेयर्स जातीनं घटनास्थळी जाऊन आली. शेवटी बाई हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडल्या, दुसऱ्याच नावानं उतरलेल्या. त्या अकरा दिवसांबद्दल आत्मचरित्रातही चकार शब्द नाही.

तिचा हर्क्युल प्वारो हा गुप्तहेर वारला, तेव्हा ६ ऑगस्ट १९७५ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं त्याची मृत्युवार्ता पहिल्या पानावर छापली. कधी जन्मलाच नाही, तरी गेल्याची बातमी पान एकवर. बोला!

डोरोथी सेयर्सचं नाव निघालंच आहे तर तिचाही एक किस्सा. बाई जाहिरात कंपनीत कॉपीरायटर होत्या. गिनेस बिअरच्या जाहिरातीतला तो लांब चोचीचा टूकन पक्षी आठवतो? त्या जाहिरातींत त्यांचा हात होता. आणि कंपनीचा अनुभव वाया जाऊ नये म्हणून त्यांनी जाहिरात कंपनीतच खून घडवला. कादंबरीत हो! ‘मर्डर मस्ट अ‍ॅडव्हर्टाइज’, १९३३.

अमेरिकेत मात्र रहस्यकथेचा थाट वेगळा. ‘ब्लॅक मास्क’ हे मासिक कशासाठी निघालं, माहीत आहे का? १९२० मध्ये एच. एल. मेंकेन आणि जॉर्ज जीन नेथन या संपादकांचं ‘द स्मार्ट सेट’ हे उच्चभ्रू वाङ्मयीन मासिक तोट्यात होतं. ते जगवायला पैसे हवेत म्हणून त्यांनी हे स्वस्त कागदावरचं मासिक काढलं आणि थोड्याच अंकांनंतर विकूनही टाकलं. पुढे त्याच ‘ब्लॅक मास्क’मधून डॅशिएल हॅमेट आणि रेमंड चँडलर पुढे आले. ‘द स्मार्ट सेट’चं नाव आज अभ्यासकांनाच माहीत. खर्चाला हातभार म्हणून काढलेल्या मासिकानं मात्र इतिहास घडवला!

हॅमेट तर खराखुरा डिटेक्टिव्ह. पिंकर्टन एजन्सीत पगार घेऊन लोकांवर पाळत ठेवायचा. आणि चँडलरचा किस्सा अजून भारी. ‘द बिग स्लीप’वर सिनेमा काढताना दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सनं विचारलं, त्या ड्रायव्हरला नेमकं कुणी मारलं? चँडलरचं उत्तर असं सांगतात, की ते त्यालाही ठाऊक नव्हतं!

‘ब्लॅक मास्क’सारख्या मासिकांतलं साहित्य छापलं जायचं लाकडाच्या लगद्याच्या हलक्या कागदावर. म्हणून त्याचं नाव पल्प. हा कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो, पान उलटताना कडा हातात येतात. पेन्झलर यांनी काय केलं? ती मासिकं धुंडाळली, वाचली, निवडली आणि २००७ मध्ये ‘द ब्लॅक लिझर्ड बिग बुक ऑफ पल्प्स’ हा हजारावर पानांचा ठोकळा काढला. २०१० मध्ये ‘ब्लॅक मास्क’चा स्वतंत्र ठोकळा. २०१५ मध्ये होम्सवरच्या विडंबनांचा आणि अनुकरणांचा तिसरा. एवढं जाड पुस्तक, की त्यानंच एखादा खून करता यावा.

आपल्याकडचा पल्प

इथे थोडी थांबते, कारण विषय जिव्हाळ्याचा आहे.

चंद्रकांत सखाराम चव्हाण हे नाव ऐकलंय? नाही? बाबुराव अर्नाळकर म्हटलं की? आता कसे कान टवकारले! हीच ती व्यक्ती. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणारा मराठी माणूस. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू. मराठी घरांतल्या पोरांना अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचायची सवय लावली ती यांनी. मागून गुरुनाथ नाईकांचे गोलंदाज आणि कॅप्टन दीप आले, सुहास शिरवळकरांचे बॅरिस्टर अमर विश्वास आणि फिरोज इराणी आले.

आणि ही पुस्तकं गेली कुठे? सर्क्युलेटिंग लायब्ररीत. लायब्ररीवाले काका नवं पुस्तक आलं की मूळ मुखपृष्ठ बाजूला सारून जाड पुठ्ठा लावायचे, दाभणानं टोचून दोऱ्यानं शिवायचे, कण्यावर शाईनं नंबर घालायचे. असं पुस्तक शंभर हातांतून फिरलं तरी टिकायचं. पण चित्रकारानं जीव ओतून काढलेलं ते भडक मुखपृष्ठ, पिस्तूल, काळा बुरखा, खिडकीतली सावली, हे सगळं गेलं. कित्येकदा शेवटचं पानही गेलेलं असायचं. खुनी कायमचा फरार!

अमेरिकेत पल्पचे ठोकळे निघाले, तसे आपल्या रहस्यकथांचे निघायला हवेत. मूळ चित्रांसकट, मूळ जाहिरातींसकट, कागद चांगला वापरून. माळ्यावरच्या ट्रंकेत अशी पुस्तकं असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका. बीटन्सच्या अंकाचं काय झालं ते वर वाचलंतच!

आणि परदेशी रहस्यकथेत आपली मुंबई नाही असं समजू नका. माहीत आहे का, इंग्लिश लेखक एच. आर. एफ. कीटिंग यांचा नायक होता मुंबई सीआयडीचा इन्स्पेक्टर गणेश घोटे? १९६४ ची पहिली कादंबरी ‘द परफेक्ट मर्डर’. तिला ब्रिटनचा मानाचा गोल्ड डॅगर पुरस्कार मिळाला. गंमत ऐका. तेव्हा कीटिंग यांनी भारताचं तोंडही पाहिलं नव्हतं! ते इकडे आले दहाएक वर्षांनी, तेही एअर इंडियाच्या निमंत्रणावरून. तोवर घोटेसाहेब कितीतरी गुन्हे उलगडून मोकळे. आणि नावात परफेक्ट असलं तरी तो ‘परफेक्ट’ खून म्हणजे मिस्टर परफेक्ट नावाच्या पारशी गृहस्थावरचा हल्ला. १९८८ च्या सिनेमात घोटे झाले नसीरुद्दीन शाह.

ताजं उदाहरण हवं? सुजाता मॅसी यांची २०१८ ची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’. नायिका परवीन मिस्त्री, १९२० च्या दशकातल्या मुंबईतली वकील. या पात्रामागची एक प्रेरणा कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं आणि ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकणारी पहिली स्त्री! नाशिक ते न्यूयॉर्कचं शेल्फ, असा प्रवास.

दुकानदारीतली डिटेक्टिव्हगिरी

खुनाच्या गोष्टी कितीही खपल्या तरी त्या विकणारी दुकानं मात्र एकेक करून मेली. अमेरिकेतलं पहिलं रहस्यकथांचं दुकान ‘मर्डर इंक’, १९७२ मध्ये न्यूयॉर्कमध्येच डिलिस विन यांनी काढलेलं. इंक म्हणजे शाईही आणि कंपनीही, डबल धमाका! २००६ च्या अखेरीला ते बंद झालं. त्याच वर्षी ‘ब्लॅक ऑर्किड’ मिटलं. लंडनचं ‘मर्डर वन’ २००९ मध्ये गेलं. न्यूयॉर्कचं ‘पार्टनर्स अँड क्राइम’ २०१२ मध्ये. (डिलिसबाईंच्या नावानं रहस्यकथा विकणारे दुकानदार एक पुरस्कार देत असत. निकष काय? जे पुस्तक विकताना सगळ्यात जास्त मजा आली ते! मला हा निकष जगातल्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा जास्त आवडतो.)

मग ‘मिस्टीरियस’ कसं तगलं? तेही डळमळलं होतं. पैशाची चणचण आली, तेव्हा पेन्झलर यांना एक आयडिया सुचली. मोठमोठ्या लेखकांना त्यांनी गळ घातली, की तुमच्या नायकाची जन्मकथा लिहून द्या. तो कसा सुचला, कुणावरून घेतला, नाव कुठून आलं. त्या छोट्या पुस्तिका छापल्या आणि दुकानात खरेदी करणाऱ्या गिऱ्हाइकांना भेट दिल्या. मायकेल कॉनेलीनं हॅरी बॉशबद्दल लिहिलं, ली चाइल्डनं जॅक रीचरबद्दल, इयान रँकिननं रीबसबद्दल. ज्या लेखकाचं पान मिळवायला प्रकाशक रांगा लावतात, तो एका पुस्तकवाल्यासाठी लिहायला बसतो! कारण उघड आहे. यातल्या कित्येकांची पुस्तकं तो नाव होण्याआधीपासून गिऱ्हाइकांच्या हातात कोंबत होता. पुढे या सगळ्याचं ‘द लाइनअप’ हे पुस्तक झालं आणि त्यालाही एडगर मिळालं. दुकान वाचवायला काढलेल्या पुस्तिका थेट ट्रॉफीपर्यंत पोचल्या.

२०११ पासून आणखी एक मालिका, ‘बिब्लिओमिस्टरीज’. अट एकच. गोष्टीत खुनाइतकंच महत्त्व पुस्तकाला हवं. दुर्मीळ हस्तलिखित, लायब्ररी, पुस्तकवाला, संग्राहक, काहीही. जेफ्री डीव्हर, लॉरा लिपमन, अ‍ॅन पेरी, सगळे कामाला लागले. पुस्तकांसाठी जीव घेणारी माणसं! वाचणाऱ्यांना यात अतिशयोक्ती वाटत नाही.

आणि निवृत्ती? २०१८ मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्यांनी नवी कंपनी काढली, पेन्झलर पब्लिशर्स. तिची ‘अमेरिकन मिस्टरी क्लासिक्स’ ही मालिका काय करते? विस्मरणात गेलेल्या, बाजारातून नाहीशा झालेल्या जुन्या रहस्यकथा नव्यानं छापते. यात एलरी क्वीनही आहे. एलरी क्वीन कोण, माहीत आहे का? एक नव्हे, दोन! फ्रेडरिक डॅने आणि मॅनफ्रेड ली हे ब्रुकलिनचे नात्यातले भाऊ. त्यांनी ‘बार्नबी रॉस’ हे आणखी एक टोपणनाव घेतलं आणि मग चेहऱ्यावर मुखवटे चढवून एक क्वीन, एक रॉस अशी जाहीर भाषणांत जुगलबंदी केली. श्रोत्यांना पत्ता नाही, की दोघे मिळून तेच दोन्ही लेखक आहेत!

१९९४ मध्ये पेन्झलर यांना मिळालेला मानही याच एलरी क्वीनच्या नावाचा. २००३ मध्ये रेव्हन अवॉर्ड. रेव्हन हा लेखनाबाहेरच्या कर्तृत्वासाठीचा सन्मान, म्हणजे दुकानदार म्हणून, वाचक म्हणून.

आता सगळ्यात गोड गोष्ट शेवटी. १९९३ पासून दर नाताळला हे दुकान एका लेखकाकडून खास कथा लिहवून घेतं. अटी तीन. गोष्टीत रहस्य हवं, काळ नाताळचा हवा आणि निदान एक प्रसंग दुकानातच घडायला हवा. डोनाल्ड वेस्टलेक, एड मॅकबेन, लॉरेन्स ब्लॉक, मेरी हिगिन्स क्लार्क, असे एकेक दिग्गज त्या कपाटांमध्ये गुन्हे घडवून गेलेत. कथा चिमुकल्या पुस्तिकेत छापतात आणि गिऱ्हाइकांना भेट म्हणून फुकट देतात. विकत नाहीत! २०१० मध्ये त्यातल्या सतरा कथा एकत्र पुस्तकरूपात आल्या, पण खरा मान त्या सुट्या पुस्तिकेचा. तेव्हा लेकीकडे, भाच्याकडे न्यूयॉर्कला जाणार असाल आणि महिना डिसेंबरचा असेल, तर वॉरेन स्ट्रीटवर जा, एखादं पुस्तक घ्या आणि बिल होताना यंदाची पुस्तिका हक्कानं मागून घ्या!